बिबट्यावरचा तीळ

"उजव्या दंडावर तीळ," खिडकीतल्या बाईंनी जुन्या अर्जावरून वाचलं आणि चष्म्याच्या वरून समोर पाहिलं. "दाखवा."

नकाशाने शर्टाची बाही खांद्यापर्यंत सारली, आणि बाईंचा पेन हवेतच राहिला.

दंडावर बिबट्या होता. खांद्यापासून कोपरापर्यंत ऐसपैस पसरलेला, शेपटी काखेत खुपसून झोपलेला. आणि अंगभर काळे ठिपके. एक नाही, दोन नाही, शंभराच्या वर.

"तीळ कुठाय?"

"आहे ना, मॅडम. आत आहे."

"आत म्हणजे?"

"बिबट्यात."

नकाशा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. मानेपासून मनगटापर्यंत, छातीवर, पाठीवर, पोटरीवर, जिथे म्हणून कातडी सापडली तिथे त्याने गोंदून घेतलं होतं, म्हणून गल्लीतल्या पोरांनी ठेवलेलं ते नाव. पुढे मेहुणीही त्याच नावाने हाक मारायला लागली, तेव्हा त्याने खरं नाव सांगायचा नाद सोडला. धंद्याने लिफ्ट दुरुस्त करणारा. वय सत्तावन्न. पूर्वी बसमध्ये त्याच्या शेजारची जागा रिकामी राहायची आणि गडी आरामात मांडी घालून बसायचा. तो लिफ्ट दुरुस्त करून दार उघडून उभा राहिला की बायका सात मजले जिन्याने चढून जायच्या. आता दिवस फिरले होते. आता कॉलेजच्या मुली रस्त्यात थांबवून विचारायच्या, "अंकल, कुठे केलं हे? कसलं भारी आहे!" नकाशा दर मुलीला वेगळी थाप मारायचा. एकीला सर्कस सांगितली, दुसरीला तुरुंग. तिसरीला म्हणाला, "जन्मतःच आहे गं." तिने घरी जाऊन आईलाही सांगितलं.

पण आज थापांचं काम नव्हतं. मुलगी परदेशात, सहा आठवड्यांवर तिचं पहिलं बाळंतपण, आणि तिची आई जाऊन चार वर्षं झालेली. परवा फोनवर मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्हाला बाळ धरता येत नसलं तरी चालेल. नुसते इथे येऊन बसा." एवढं ऐकल्यावर माणूस पोहतसुद्धा गेला असता. पण वीस वर्षांपूर्वी काढलेल्या पासपोर्टची मुदत कधीच संपलेली. बाकी सगळे कागद चोख होते. अडलं ते तिळावर.

"म्हणजे तुम्ही सरकारी ओळखखुणेवर शाई फासली?" बाई म्हणाल्या.

"छे हो! चांगला गोंदणारा तिळाला कधी सुई लावत नाही. तो सोडून आजूबाजूने काम करतो. माझ्या दोस्ताने तर तिळासाठीच बिबट्या काढला. म्हणाला, एक ठिपका तुझा तयार आहे, बाकीचे मी घालतो."

"छान. मग कोणता तो?"

नकाशाने मान वळवून दंडाकडे पाहिलं. आधी ऐटीत पाहिलं. मग जरा वाकून. मग त्याच्या कपाळावर घाम आला. बिबट्या काढल्यापासूनच्या अठरा वर्षांत त्याने तो तीळ एकदाही शोधला नव्हता.

"माझ्याकडे भिंग आहे," रांगेतून आवाज आला. मागे घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा उभे होते. त्यांनी खिशातून डोळ्याला लावायचं भिंग काढलं आणि नकाशाचा दंड असा धरला, जणू बिबट्याला किल्लीच द्यायची आहे. आजोबांच्या मागे कॉलेजची एक मुलगी होती. तिला भलताच उत्साह. "आजोबा, तुम्ही बघत जा. बघून झालेल्यावर मी पेनाने खूण करते. म्हणजे परत तोच नको."

कल्पना झकास होती. वीस मिनिटं काम जोरात चाललं.

"हा बघा, आजोबा. हा वेगळा वाटतोय."

"हा तूच काढलायस, बाळ."

बिबट्याचे ठिपके कमी होण्याऐवजी वाढत चालले होते. रांग दारापर्यंत गेली. मागून लोक ओरडायला लागले, "अहो, पुढे काय चाललंय?" आणि पुढचे उत्तर देत होते, "बिबट्या आहे!" त्यावर दाराजवळची चार माणसं निघून गेली, आणि तेवढीच रांग हलली.

"मॅडम, तुम्हीच जरा चाचपून बघता का?" नकाशा काकुळतीला आला. "तीळ हाताला लागतो."

"नियमात 'प्रत्यक्ष पाहणे' आहे. चाचपणे नाही. आणि मुळात अंगावर असलं जंगल वाढवायची गरज काय होती?"

शेवटी नकाशाने दोस्ताला फोन लावला. या दोस्ताला सगळे सुईवाला म्हणत. एके काळी न्हाव्याच्या दुकानात पडद्यामागे दोन स्टुलांवर त्याचा धंदा चालायचा, आणि गिऱ्हाईक इकडेतिकडे बघत आत शिरायचं. आता काचेचं दार, मंद संगीत, आणि आठवडाभर आधी नंबर लावावा लागायचा.

"बोल लवकर," सुईवाला म्हणाला. "एका वकीलबाईंच्या पाठीवर अर्धा मोर झालाय."

"माझा तीळ कुठं ठेवलास?"

"कसला तीळ?"

"बिबट्यातला!"

"तुलाच माहीत नाही? अरे, दंड तुझा आहे का माझा?... थांब, जुनी वही काढतो."

पाच मिनिटांनी फोनवर त्या मूळ चित्राचा फोटो आला. बिबट्याच्या कानामागे दोन बोटांवर एक फुली मारलेली. आजोबांनी दोन बोटं मोजली. काही नाही. पुन्हा मोजली. तरी नाही.

सुईवाल्याने फोनवरूनच निदान केलं. "अठरा वर्षांत दंड सुटलाय तुझा. बिबट्यापण बाळसेदार झाला असणार. चार बोटं मोज."

चार बोटांवर आजोबा थबकले. "सापडला! हाताला लागतोय!" मुलीने टाळ्या वाजवल्या, रांगेनेही वाजवल्या. नकाशाने आजोबांचा हात धरून गदागदा हलवला. जिंकलो, आता टिक करा आणि सोडा.

बाईंनी भिंग मागून घेतलं. तिळाकडे पाहिलं. मग अर्जाकडे. मग पुन्हा तिळाकडे.

"नोंदीत काय लिहिलंय? गोल, काळा, मोहरीएवढा. हा मोहरीएवढा नाही. गोल तर मुळीच नाही. एका बाजूने कडा पसरलीय, आणि रंग दोन दिसतायत. खूण जुळत नाही."

"मॅडम!" आता नकाशाचा पारा चढला. "माणूस सत्तावन्नचा झाला, तर तीळ वाढणार नाही?"

"माझ्या हनुवटीवरचा नाही वाढला. हाच तो तीळ असा त्वचेच्या डॉक्टरांचा दाखला आणा. चारला खिडकी बंद. पुढचा नंबर!"

तीस वर्षं लिफ्टच्या अंधाऱ्या बोळात उभं राहून साठवलेल्या सगळ्या शिव्या मनात घोळवत नकाशा बाहेर पडला. पहिली त्वचेच्या डॉक्टरांची पाटी दिसली तिथे शिरला.

"फक्त सही पाहिजे, डॉक्टर. तीळ जुनाच आहे एवढंच लिहा. चारला खिडकी बंद होते."

डॉक्टरीणबाई हसतमुख होत्या. पेनाच्या खुणा बघून आणखी हसल्या. मग त्यांनी दिव्याचं भिंग तिळावर टेकवलं आणि त्यांचं हसणं थांबलं.

"तुम्ही बसा."

"बसलोच आहे."

"मग तसेच बसा. कोणी पाठवलं तुम्हाला?"

"एका खडूस बाईने."

"त्यांचे पाय धरा," डॉक्टर म्हणाल्या. "एवढ्या ठिपक्यांत हा कुणाला दिसला नसता. तुम्हालाही नाही."

चार वाजून गेले. नकाशाला कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीळ काढला आणि तपासणीला पाठवला. पुढचे आठ दिवस नकाशाने मुलीला काही सांगितलं नाही. उलट रोज फोन करून विनोद सांगितले. पाचव्या दिवशी मुलगी म्हणाली, "बाबा, तब्येत बरी आहे ना? तुमचे विनोद फार वाईट चाललेत." त्याने लिफ्टचं काम आलंय म्हणून फोन ठेवला आणि बंद लिफ्टमध्ये जाऊन बराच वेळ उभा राहिला. मुलीला तिच्या बाळाला 'आजोबा होते' असं सांगावं लागेल की 'आहेत', एवढा एकच प्रश्न होता, आणि त्यावर विनोद सुचत नव्हता.

नवव्या दिवशी निकाल आला. तीळ वाईट जातीचा होता. पण अगदी सुरुवात होती, मुळासकट निघाला होता, आणि आता दर तीन महिन्यांनी दाखवायला येण्यापलीकडे काही करायचं नव्हतं. "वर्ष उलटलं असतं तर मी अशी हसत बोलले नसते," डॉक्टर म्हणाल्या. बाहेर पडल्यावर नकाशाने रस्त्यातल्या तीन अनोळखी माणसांना नमस्कार केला. तिघांनीही घाबरून परत केला.

मग तो थेट खिडकीवर गेला. वाटेत आभाराचं भाषण तयार केलं होतं, पण बाई दिसताच ते सगळं विसरला.

"मॅडम, तुमच्यामुळे..."

"दाखला आणला? तीळ दाखवा."

"तीळ गेला." त्याने बाही वर केली. बिबट्याच्या कानामागे पांढरी पट्टी होती. "वाईट निघाला, मॅडम. वेळेवर काढला. तुम्ही अडून बसला नसता तर पुढच्या वर्षी मीच नसतो."

बाईंनी चष्मा काढला. पुसला. पुसलेला पुन्हा पुसला. "मी काय केलं? मी फक्त नोंद जुळवत होते."

"जुळली नाही म्हणून तर वाचलो."

मग बाईंनी नाक ओढलं आणि अर्ज जवळ घेतला.

"पण मग खूण राहिली नाही तुमची."

"टाक्यांचा वण लिहा ना."

"सहा महिन्यांच्या आतली जखम कायमची खूण धरत नाहीत."

नकाशाचा चेहरा उतरला. बाळाला आता चार आठवडे उरले होते. बाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, खालचा खण ओढला आणि एक कागद बाहेर काढला. "परिपत्रक आहे. टॅटू ओळखखूण म्हणून ग्राह्य धरावा."

नकाशाने तारीख वाचली. तीन वर्षांपूर्वीची होती.

"मॅडम! मग त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"त्या दिवशी तुमच्याकडे तीळ होता."

यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं, आणि नकाशाला घालायचाही नव्हता. त्या दिवशी बाई जरा दयाळू निघाल्या असत्या तर काय झालं असतं, हे मनात येताच त्याच्या अंगावर काटा आला.

"दोनच ओळी आहेत," बाई म्हणाल्या. "नेमकं लिहावं लागेल. नुसतं बिबट्या लिहून भागत नाही हल्ली. गेल्या आठवड्यात या खिडकीवर तीन बिबटे येऊन गेले, त्यातला एक तर बँकेचा मॅनेजर होता. तुमचा वेगळा कसा ओळखायचा?"

बाई खिडकीतून जरा पुढे वाकल्या. पट्टीकडे बघत राहिल्या. मग सावकाश, एकेक अक्षर कोरत त्यांनी लिहिलं, खाली शिक्का मारला आणि अर्ज त्याच्याकडे फिरवला. "पंधरा दिवसांत घरी येईल. वाचून सही करा."

नकाशाने डोळे पुसून वाचलं.

उजव्या दंडावर बिबट्या. एक ठिपका कमी.