अमावस्येचा नेम

पलटणीत माझ्या नेमाची चर्चा पार ऑफिसर मेसपर्यंत गेली होती. हवालदारानं रायफल उचलली की टार्गेट आपण होऊन मधोमध येऊन उभं राहतं, असं आमचे सुभेदार म्हणायचे. तेव्हा धनुष्यबाण म्हणजे आपल्याला पोरखेळ, अशी माझी खात्री होती. ती मी कुणाला बोलून दाखवली नाही, एवढंच काय ते शहाणपण माझ्या हातून झालं.

धनुष्य होतं शिलाँगचं. आमची पलटण तिकडे असताना तिथल्या खासी लोकांची तिरंदाजी मी पाहिली आणि सुटीवर येताना बांबूचं एक धनुष्य घेऊन आलो. राहीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, ते उलटसुलट करून बघितलं आणि त्यावर शेवया वाळत घातल्या. पुढं मी पेन्शनीत आलो, पण धनुष्याची नोकरी तीच राहिली.

राही मागच्या माघात गेली. कावीळ झाली होती. आमच्या शेजारी दोन जावा राहतात, थोरली धोंडुबाई आणि धाकटी साळूबाई. अंगण एक, चुली दोन. धोंडुबाईचा नवरा नाथाजी शेती बघतो. साळूबाईचा नवरा पलटणीत, तिकडं सरहद्दीवर. राही अंथरुणाला खिळली तेव्हा या दोघींनीच तिला न्हाऊ घातलं, तिची वेणी घातली, शेवटी पाणीही त्यांनीच पाजलं. राही त्यांची अक्का, म्हणून मी त्यांचा दाजी. ती गेल्यावर एक दिवस थोरलीकडून, एक दिवस धाकटीकडून अशी माझी भाकरी यायला लागली. मी कधी मागितली नाही आणि त्यांनी कधी चुकवली नाही.

भाकरीचं भागलं, पण संध्याकाळचं भागत नव्हतं. दिवेलागणीच्या आधी राही उंबऱ्यात बसून गावातल्या सगळ्या बातम्या सांगायची. मी ऐकत नाही, असं तिचं म्हणणं असायचं. आता ती वेळ झाली की घर इतकं गप्प व्हायचं की मी उठून मागच्या परड्यात जायचो. तिथं नुसतं उभं तरी किती राहायचं? म्हणून धनुष्य काढलं.

शिलाँगचे बाण भुंग्यांनी खाल्ले होते. मी बांबूच्या काटक्या तासून नवे केले. टोकाला खिळा बसवला. पिसं कुठून आणायची, म्हणून मागच्या बाजूला लाल कापडाच्या पट्ट्या बांधल्या. गवतात पडला तरी बाण दिसेल, हा हिशेब. कापड राहीच्या पेटीतलं, तिच्या चोळीचा खण उरला होता त्यातलं.

कडब्याची पेंढी उभी करून सुरुवात केली. एकही बाण लागेना. मी विचार केला, पेंढी फार मोठी आहे. एवढ्या मोठ्या वस्तूवर नजर ठरत नाही, नेमबाजाला निशाण बारीक पाहिजे. हा विचार मला पलटणीत सुचला असता तर सरकारनं मला तेव्हाच घरी पाठवलं असतं. मी आमच्या झाडाचं एक लिंबू तोडलं, पेटीतल्या काळ्या दोऱ्यानं शेवग्याच्या फांदीला टांगलं, आणि बाण सोडला.

लिंबू गायब! नुसता तुटलेला दोरा हलत होता. बाणही गायब होता, पण त्या आनंदात बाणाची कुणाला पर्वा? घायपाताच्या कुंपणात गेला असेल, म्हणून थोडं चाचपलं, अंधार पडला, घरात आलो. सांगायला कुणी नव्हतं. म्हणून धनुष्यालाच शाबासकी देऊन झोपलो.

शेवग्याच्या मागं दगडाचा गडगा आहे आणि गडग्याच्या मागं त्या दोघी जावांची कडब्याची गंज, हे मला माहीत होतं. त्या दिवशी अमावस्या होती, हे मात्र माहीत नव्हतं. घरातल्या तिथी राही बघायची.

पहाटेच्या पहिल्या एस.टी.नं पेन्शनसाठी वडूजला गेलो आणि तिसऱ्या प्रहरी परत आलो, तर शेजारच्या अंगणात सगळी आळी उभी. साळूबाई ट्रंक भरत होती. नाथाजीनं मला बाजूला घेऊन झालेलं सांगितलं. सकाळी धोंडुबाई म्हशीला कडबा काढायला गेली तर गंजीत करणी खोचलेली. अमावस्येचं लिंबू, त्यात आरपार काठी, काठीला खिळा, खिळ्याला गुंतलेला काळा दोरा, वर लाल कापड. ते बघून धोंडुबाई किंचाळली, तिच्या किंचाळण्यानं म्हैस बुजली, आणि बुजलेली म्हैस दूध देईना. मग तर कुणाला शंकाच उरली नाही.

एवढ्यावर भागलं असतं, पण लाल कापड धोंडुबाईनं ओळखलं. तो राहीचा खण होता आणि त्याच खणाचा तुकडा राहीनं साळूबाईला दिला होता. साळूबाईनं आपली अख्खी चोळी आणून दाखवली. त्यावर धोंडुबाईनं शिंप्याकडं उरलेल्या चिंध्यांची विचारणा केली.

“माज्या डोळ्यांसमोर अक्कानं तिला खण दिला,” धोंडुबाई मला म्हणाली. “मला न्हाई दिला. मी कवा बोलले का?”

साळूबाई ट्रंक भरतच होती. नवरा बंदुकीपुढं उभा आणि घरात तिला करणी करणारी ठरवलेली. आटपाडीला माहेरी निघाली होती. अशी निघालेली बाई परत येत नाही, हे अंगणातल्या प्रत्येकाला कळत होतं.

मी म्हटलं, ती करणी दाखवा तरी. नाथाजीनं लांबूनच सुपाकडं बोट केलं. सुपात माझा बाण होता. लिंबू बरोबर मधोमध लागलेलं. मी जगात कुणावर खरोखर करणी करायची ठरवली असती तरी एवढं सामान एका जागी जमवता आलं नसतं. पण खरं सांगतो, पहिल्या क्षणी माझ्या मनात आलं, काय नेम बसलाय!

मग मी मोठ्यानं सांगितलं, हा माझा बाण आहे, काल मीच सोडला, साळूबाईचा काही संबंध नाही.

कुणीही विश्वास ठेवला नाही.

“दाजी, तुमी देवमाणूस,” नाथाजी म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. “अक्काची साळूवर माया हुती, म्हणून तुमी अंगावर घेताय.”

“बाण म्हणं,” धोंडुबाई म्हणाली. “ह्या वयात?”

मी धनुष्य आणून दाखवलं. आळीतली एक म्हातारी म्हणाली, हे तर राहीचं शेवयांचं. तेव्हा एकच उपाय उरला. सगळ्यांनी माझ्या परड्यात यायचं आणि मी त्यांच्यासमोर लिंबू उडवायचं. सगळी आळी आली. साळूबाई पण ट्रंक दारात तशीच ठेवून आली. धोंडुबाई आली नाही. दाजीचं नाटक बघायला मला वेळ नाही, म्हैस उपाशी आहे, असं सांगून ती गेली.

नवं लिंबू टांगलं. बाकीच्या बाणांनाही तशाच लाल पट्ट्या बघून, साळूला वाचवायला दाजींनी त्या आत्ताच बांधल्या, असं आळीनं ठरवून टाकलं. पहिला बाण शेवग्याच्या बुंध्याला लागून माझ्याच पायाशी आला. दुसरा कुठं गेला ते मला आजही माहीत नाही. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. आजवर नेम चुकला तर मला नुसती लाज वाटायची. आता प्रत्येक चुकलेल्या बाणागणिक साळूबाई आटपाडीकडं एक पाऊल सरकत होती.

नाथाजी हळूच म्हणाला, “ऱ्हाऊ द्या दाजी. तुमच्या मनातलं कळलं आमाला.”

मी डोळे मिटून राहीचं नाव घेतलं आणि तिसरा सोडला. डोळे मिटून बाण सोडू नये, हे मी आता गावात सगळ्यांना सांगतो. लिंबू जागचं हललं नाही. बाण गडग्यावरून पलीकडं गेला.

आणि मग गडग्याच्या कडेनं, आमच्या परड्याच्या वाटेनं, धोंडुबाई आली. डोक्यावर कडब्याचा भारा. भाऱ्यात माझा बाण उभा, मागं लाल पट्टी वाऱ्यावर फडफडत होती. नवरदेवाचा तुराच जणू! तिला पत्ताच नव्हता.

“झालं का नाटक?” ती म्हणाली. “का असं बघताय माज्याकडं?”

मला पाय उचलेना. नाथाजीलाही उचलेना. पळाली ती साळूबाई. तिनं जावेच्या डोक्यावरचा भारा दोन्ही हातांनी ढकलून खाली पाडला, तिचा पदर ओढला, केसांत बोटं घालून सगळं डोकं चाचपलं, मान बघितली, कान बघितले. धोंडुबाई ओरडत होती, वेड लागलं का गं तुला? मग तिला पडलेल्या भाऱ्यात खिळा दिसला. साळूबाईची बोटं अजून तिच्या केसांत जखम शोधत होती. धोंडुबाईनं ती हातात धरली.

म्हणाली, “लागलं न्हाई गं मला. नको रडू.” मग भाऱ्यातला बाण उपसला, त्याची पट्टी बघितली, सुपातल्या काठीची पट्टी आठवली, आणि माझ्याकडं वळली.

त्यानंतर दोघी जावांनी मिळून मला जे सुनावलं, तसं पलटणीत कुठल्या साहेबानंही सुनावलं नव्हतं. एकीचा दम संपला की दुसरी सुरू करायची. म्हैस गंजीलाच बांधलेली असते. तिथं माणसं वावरतात. पलीकडं कोण आहे ते न बघता बाण सोडणाऱ्याला सरकारनं बंदूक दिलीच कशी? मी खाली मान घालून ऐकत होतो आणि मला आतून इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. राही गेल्यापासून मला एवढं कुणी रागावलं नव्हतं.

शेवटी साळूबाईनं विचारलं, “दाजी, पर ह्ये करायचंच कशाला?”

मी म्हटलं, संध्याकाळ जात नाही.

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. “मंग हिकडं यायचं की,” धोंडुबाई म्हणाली. “गडगा काय चीनची सरहद्द हाय व्हय?”

साळूबाईची ट्रंक नाथाजीनं स्वतः आत नेऊन ठेवली. उरलेल्या लाल पट्ट्या धोंडुबाईनं माझ्याकडून मागून घेतल्या आणि आपल्या गोधडीत शिवल्या. म्हशीनं दुसऱ्या दिवशी दूध दिलं. त्यातला पहिला तांब्या माझ्या घरी आला, तो का, हे मी विचारलं नाही.

धनुष्य मी सोडलं नाही, परड्यात मात्र ते पुन्हा उचललं नाही. दुष्काळात आपल्याच गावानं पाझर तलावाचा बांध घातलाय, उंच, नुसत्या मातीचा. रविवारी मी त्याच्या पुढ्यात पेंढी उभी करतो. आधी बांधावर चढून पलीकडं कुणी गुराखी आहे का बघतो. मग मोठ्यानं हाळी देतो, आणि बाण आणायला जायच्या आधी धनुष्य खाली ठेवतो. नियम माझे आहेत, पण ते पाळले जातात की नाही हे बघायला दोघी जावा नाथाजीला घेऊन येतात, त्यांच्यामागं बाकीचे येतात. येताना भाकरी बांधून आणतात.

नेम अजून लागत नाही. पण देवाच्या दयेनं आज सगळी आळी माझ्या पाठीशी उभी आहे. पुढं उभं राहायची कुणाची छाती होत नाही, ती गोष्ट वेगळी.