पहिल्या बाकाची वैयक्तिक योजना

ब्याऐंशी साली वाशीला ब्लॉक मिळाला आणि माझ्या मुलीला, जयमालाला, मी तिथल्या नव्या शाळेत तिसरीत घातलं. तिला लांबचं दिसत नाही. चष्म्यानेही थोडंच दिसतं. चौथ्या बाकावरून तिला समोर फळा आहे एवढंच कळायचं. तिला पहिल्या बाकावर बसवावं, अशी माझी विनंती होती.

"गेल्या महिन्यात आला असतात तर हाताला धरून बसवलं असतं," तिच्या वर्गशिक्षिका सुचित्राबाई म्हणाल्या. "आता नियम आलाय. अपंग मुलाला सोय द्यायची ती वैयक्तिक शिक्षण योजनेतूनच. तशीच दिली तर ती नुसती माणुसकी होते."

"मग योजना होईपर्यंत?"

"तोवर तिला हलवायचं नाही. पुढे बसली, दिसायला लागलं, तर तपासणीत अडचण कशी सापडणार?"

योजनेसाठी समिती बसली. मुख्याध्यापक नंदकुमार सर अध्यक्ष. समितीत आई हवीच, असा नियम होता.

"मिसेस नाही आल्या?" सरांनी विचारलं.

"ती गेल्या वर्षी वारली."

"अरेरे." सर खरंच हळहळले. मग त्यांनी पेन उघडलं. "गैरहजेरीची पूर्वसूचना दिली होती का त्यांनी?"

"सर, पूर्वसूचना तिलाही मिळाली नव्हती."

"मग 'विनापरवानगी गैरहजर' लिहावं लागेल. मनाला लावून घेऊ नका."

मी लावून घेतलं नाही. सरोजिनी जन्मात न सांगता कुठे गेली नव्हती. एकदाच गेली, त्याची नोंद झाली.

समितीने उद्दिष्टं ठरवली. पहिल्या तिमाहीत जयमालाला फळ्याचा डावा भाग दिसावा, दुसऱ्या तिमाहीत मधला; उजवा भाग वार्षिक परीक्षेपर्यंत. एकदा जयमालालाही विचारावं, असं मी सुचवलं.

"अहो, योजना तिच्याबद्दल आहे," सर म्हणाले. "तिला कशाला मध्ये घेताय?"

योजना ठाण्याला शिक्षण खात्याच्या कचेरीत गेली आणि शेरा घेऊन परत आली: सर्व वैयक्तिक योजना एकसारख्या असाव्यात, सोबतच्या नमुन्याप्रमाणे दुरुस्त करावी. नमुना पायाने अधू असलेल्या एका मुलाचा होता. त्यामुळे वर्गाच्या दाराशी सिमेंटचा उतार बांधण्यात आला. जयमालाला तो दिसला नाही. ती पहिल्याच दिवशी त्यावर अडखळून पडली आणि तिचा गुडघा फुटला. ठाण्याचे साहेब पाहणीला आले तेव्हा ती लंगडत होती. योजना आता विद्यार्थिनीला तंतोतंत लागू पडते, असं त्यांनी लिहिलं आणि पहिल्या बाकासकट मंजुरी दिली.

राहिला तो बाक. त्यासाठी पालकसभा बोलावली. वैजयंतीबाईंची स्मिता पहिल्या बाकावर बसायची. त्या उठून बोलल्या, "अशा मुलांसाठी समाजाने पुढे यायला पाहिजे!" बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

"छान," सर म्हणाले. "मग मागे कोण जातंय?"

टाळ्या थांबल्या.

"आमच्या स्मिताला मागून दिसत नाही हो," वैजयंतीबाई म्हणाल्या.

"आमच्या सुभाषला तर ऐकूच येत नाही," त्याचे वडील जयप्रकाश म्हणाले.

"काय सांगता!" सुचित्राबाई म्हणाल्या. "खेळाच्या तासाला लांबून नुसतं पुटपुटलं तरी पळत येतो."

"मॅडम, ते खेळाचं. अभ्यासाचं नाही येत."

आठवड्याभरात वर्गातल्या बाकी सगळ्या मुलांची अपंगत्वाची प्रमाणपत्रं आली. सगळी तुर्भ्याच्या एकाच डॉक्टरची. प्रत्येकाची स्वतंत्र योजना झाली आणि प्रत्येक योजनेत पहिला बाक होता. मी शाळेत गेलो.

"तुमची योजना बंद झालीये," नंदकुमार सर म्हणाले. "गुडघा बरा झाला ना पोरीचा? अभिनंदन! वर्गात तेवढी तीच धडधाकट राहिली बघा."

"मग तिने बसायचं कुठे?"

"धडधाकट मुलं मागेच बसतात."

जयमाला मागेच बसते. वाचून तुम्हाला वाईट वाटलं असेल. त्या सभेत सगळ्यांनाच वाटलं होतं. बरं, तुमचा बंडू कुठल्या बाकावर बसतो?