टायगरनं तपासलेले लाडू

"दुपारच्या गाडीच्या आत सगळ्या गोळ्या माघारी! एक जरी ऱ्हायली तर नाव लावणार न्हाई!"

गुंद गावच्या बस थांब्यावर पुंडलिकानं कंडक्टरसमोर अशी छाती ठोकली, की झाडावरची माकडंसुद्धा खाली वाकून बघायला लागली!

भानगड अशी. जोयड्याच्या जनावरांच्या डॉक्टरांचा गावातला माणूस म्हणजे पुंडलिक. कोंबडी शिंकली तरी लोक यालाच हाक मारायचे. मागल्या आठवड्यात यानं घरोघरी कुत्र्यांच्या जंताच्या गोळ्या वाटल्या. गुलाबी, गोल, अगदी दुकानातल्या पेपरमिटासारख्या! आणि आज कंडक्टरनं डॉक्टरांचा निरोप आणला. कंपनीनं गोळ्या माघारी मागवल्यात. पाकीट पोरांच्या हातानं फटकन उघडतंय, कुठंकुठं पोरांनी मिठाई समजून खाल्ल्या, दवाखान्यात न्यायची पाळी आली.

"ह्यात काय हाय! पिशवी घ्यायची, गोळा करायचं!" म्हणत पुंडलिक शेजारच्या रुक्मिणी अव्वाच्या अंगणात हजर.

"अव्वा, कुत्र्याची गोळी काढा!"

"गोळी कुठली? लाडू हाय."

"लाडू नको, आत्ताच जेवलोय. गोळी!"

"आरं मुडद्या, गोळी लाडवातच हाय! नुसती दिली तर कुत्रं थुकतंय, नाचणीच्या लाडवात घालून द्या, असं तूच न्हाई का सांगितलास?"

पुंडलिकानं कपाळाला हात लावला. सांगितलं होतं! हौसेनं घरोघरी सांगितलं होतं!

"मग... टायगरनं खाल्ला न्हाई?"

"हुंगला, माझ्याकडं सासूगत बघितला, आनि गेला निघून!"

"मग टाकलासा?"

"गुळाचा लाडू टाकतंय व्हय कोण? गणेश चवथीच्या लाडवांच्या डब्यात ठेवलाय. परत देऊन बघायचा."

पुंडलिकानं डबा उघडला. सगळे लाडू काळेभोर, गोलगरगरीत, एकाच आईची लेकरं!

"ह्यातला कुत्र्याचा कुठला?"

"वळताना ठावं होतं बाबा!"

झालं! पुंडलिक सुटला. गिरजाअक्काकडं तेच, फुलाच्या घरी तेच! बोलायला दम कुठला? दिसला डबा की उचल! "पुंड्या चवथीचे लाडू पळवतोय गं!" अशी बोंब उठली. डबे घेऊन हा पुढं, उलथनं घेऊन गिरजाअक्का मागं, तिच्यामागं अख्खी वाडी!

धापा टाकत तो स्वतःच्या दारात आला आणि तिथंच थिजला. उंबऱ्यावर तीन वर्षांचा पुतण्या गुणा बसलेला. गाल टम्म, हातात अर्धा लाडू!

"वैनी! ह्यानं किती खाल्ले?"

केशरवैनी बाहेर आली. "ह्यो पयलाच. का वो?"

पुंडलिकानं कसंबसं सांगितलं. घरच्या कुत्र्यानं नाकारलेला एक गोळीचा लाडूही डब्यातच होता! वैनीनं जी किंकाळी फोडली, ती सुप्याच्या धरणावर ऐकू गेली असणार! तिनं गुणाच्या तोंडात बोट घालून होतं तेवढं काढलं, त्याला छातीशी धरलं आणि रडायलाच लागली. कोण म्हणतंय मिठाचं पाणी पाजा, कोण म्हणतंय उलटा धरा! पुंडलिक सारखा रस्त्याकडं बघत होता. आपल्या तोंडानं दिलेला सल्ला, आणि आपलंच पोर! गाडी यायला अजून अवकाश.

तेवढ्यात डोक्यात लख्ख उजेड पडला.

"टायगरला आणा! गोळीच्या लाडवाला तो तोंड लावत न्हाई!"

आता हा टायगर! ज्या रानात खरे वाघ फिरतात तिथं हे नाव, आणि हा कोंबडी बघून खाटेखाली शिरणारा! अव्वाच्या लेकानं, मारुतीनं त्याला वरातीतल्या नवऱ्यागत खांद्यावरून आणला. पुंडलिकानं गुणाच्या हातातला अर्धा लाडू काढून त्याच्यापुढं धरला. अख्खी वाडी वाकून बघायला लागली. गुणाचं भोकाड चालूच!

टायगरनं हुंगलं. परत हुंगलं. आणि गपकन गिळलं! वर गुणाचं तोंडही चाटून साफ केलं!

"अजून खात्री करूया!" म्हणत पुंडलिकानं घरचा डबा पुढं केला. टायगर एकेक लाडू मटकावत गेला, आणि एका लाडवाशी येऊन नाक मुरडून मागं सरला. पुंडलिकानं तो फोडला. आत गुलाबी गोळी! अख्खी!

वैनीनं गुणाचे मुके घेतले, मग त्याच झपाट्यात टायगरचाही घेतला!

मग काय विचारता! सगळ्या वाडीचे डबे ओळीनं मांडले. टायगर पुढं, पुंडलिक मागं. टायगर खायचा, थबकायचा, नाक मुरडायचा. पुंडलिक लाडू फोडून गोळी पिशवीत टाकायचा. शेवटचा डबा संपला तसा पुंडलिक छाती काढून उभा राहिला.

"बघितलासा? एक गोळी ऱ्हायली न्हाई!"

बायकांनी डब्यांत वाकून बघितलं. लाडूही राहिला नव्हता. उद्या चवथ!

अंगणात टायगर चारी पाय वर करून पडलेला, पोट ढोलागत. रुक्मिणी अव्वा त्याच्याजवळ बसली, मायेनं पोटावरून हात फिरवत म्हणाली,

"एवढं ग्वाड खाल्लंय बिचाऱ्यानं, आता जंत हुणारच की रं! पुंडलिका, पिशवीतली एक गोळी दे त्याला. आनि हे बघ, नुसती देऊ नकोस. लाडवात घालून दे!"