महागड्या फोनमधलं धुकं

"यावर कुणाचा विश्वास बसणार नाही," असं म्हणून भिंगराव फाटकाजवळच्या बाकावर ऐसपैस बसले की ऐकणाऱ्यांनी समजावं, निम्मं तरी विश्वास बसण्यासारखं नाहीच. आपल्याकडे गुप्तहेरीची कामं का येत नाहीत, याचं त्यांनी कधीच निदान केलं होतं. गुन्हेगार त्यांच्या धाकाने गुन्हेच करत नाहीत. शेजारी त्यांना हरवलेल्या चपला शोधायला बोलवत. त्या सापडतही, बहुधा भिंगरावांच्याच पायात.

तर झालं असं. शेजारच्या शिवणवाल्या वहिनींनी हट्टाने बाजारातला सगळ्यात महाग फोन घेतला. मोठ्या दुकानाला फ्रॉकच्या नमुन्याचा फोटो संध्याकाळच्या आत पाठवायचा होता. पसंत पडला तर वर्षभराचं काम. आणि फोटोत फ्रॉक दिसत होता साय धरल्यासारखा.

"माझ्या जुन्या फुटक्या फोनवर याहून बरं दिसायचं," वहिनींचा नवरा म्हणाला. "एवढ्या पैशात शिलाईची दोन नवी मशीनं आली असती."

"सकाळपासून तेच चाललंय यांचं. भाऊजी, तुम्ही बघा."

भिंगरावांनी फोन कानाला लावला, हुंगला, मग जाहीर केलं, "दुकानदाराने आतलं सगळं काढून घेतलंय. तुम्हाला नुसतं टरफल विकलं."

"मग फोन लागतो कसा?"

"सवयीने."

ते कुणाला पटेना. मग त्यांचा संशय इस्त्रीवर गेला: वाफेने खोलीत धुकं साचलंय. इस्त्री गरम आहे का, हे त्यांनी बोटाने तपासलं. होती. बोट नळाखाली धरूनच त्यांनी तिसरा आरोपी निवडला.

"दादा, मशीनं कुणाला हवी होती? तुला. मग फोन कुणी बिघडवला? काल दुपारी कुठे होतास?"

"तुझ्या घरी. तुझा पंखा दुरुस्त करत."

"साक्षीदार?"

"पंखा."

"माझा फोटो राहिला बाजूला," वहिनी रडकुंडीला येऊन म्हणाल्या. "उद्या ते काम दुसरीला जाईल, आणि मी जन्मभर यांचे टोमणे ऐकत बसेन."

भिंगराव गंभीर झाले. विचार करायला आरामखुर्चीत टेकले. खुर्चीवरचं प्लास्टिक करकरलं.

"आणि मग," बाकावरच्या मंडळींकडे बघत भिंगराव म्हणाले, "मी डोळे मिटले. सगळं घर नजरेसमोर आणलं. खुर्चीला प्लास्टिक, रिमोटला प्लास्टिक, फ्रीजचं स्टिकरसुद्धा जागच्या जागी. या घरात नवी वस्तू खराब होऊ नये म्हणून कुणी काही सोलतच नाही. तडक उठलो, फोन पालथा केला, कॅमेऱ्याच्या काचेवरचा पातळ पापुद्रा नखाने ओढून काढला. फोटो असा लख्ख, की फ्रॉकची वाकडी टीपही दिसली. वहिनींनी ती उसवून पुन्हा घातली, फोटो पाठवला, काम मिळालं. दादासुद्धा म्हणाला, चूक दाखवणारा फोन महाग नाही पडला. सगळं या डोक्याचं काम."

"डोळे मिटले होतेस, तेवढं खरं," बाकामागून वहिनींच्या सासूबाई म्हणाल्या. "घोरत होतास. पापुद्रा मी सोलला. आणि तुझ्या घोरण्याला हसून फोटो काढताना सुनेचा हात हलायला लागला, म्हणून तुला खुर्चीसकट अंगणात नेऊन ठेवलं."