फरशीवर बसणारे भूलतज्ज्ञ

डॉ. खांबेटे वॉर्डात आले की आधी फरशीवर बसत. सहा फुटी माणूस, पिकलेल्या मिशा, आणि मांडी घालून थेट खाली! मी तिथली सिस्टर. औषधांचा ट्रे घेऊन त्यांना ओलांडता ओलांडता माझी निम्मी नोकरी झाली. "मुलापेक्षा उंच डॉक्टर म्हणजे पोलीस," असं त्यांचं म्हणणं.

तेव्हा आमच्याकडे लहान मुलाला भूल द्यायची म्हणजे चौघांनी धरायचं आणि सुई टोचायची. हे गृहस्थ मात्र औषध पाजून झोपवत. औषध कडूजहर. दर वेळी आधी स्वतःच्या जिभेला थेंब लावत आणि मुलासमोर तोंड वाकडं करत. "कडू आहे. पण टोचणार नाही." खोटं बोलत नसत, म्हणून मुलं मुकाट गिळत. मी हे रोज बघायचे आणि रोज थक्क व्हायचे.

एकदा कळवणहून चार वर्षांची मनीषा आली. तिला झटके येत होते, डोक्याचा सीटी स्कॅन करायचा होता, आणि त्यात हलू नये म्हणून भूल. आधी कुठेतरी इतकं टोचलं होतं की पांढरे कपडे दिसले तरी किंचाळायची. सुई नाही, असा डॉक्टरांनी तिला शब्द दिला. तिला उपाशी ठेवा, असं आजीला बजावलं. आजीने नेमकी अर्धी भाकर चारली.

"भुकेल्या पोरीला झोप लागती का कुठं, साहेब?"

पोटात अन्न असताना भूल देणं धोक्याचं. स्कॅनवाले म्हणाले, "पूर्ण भूल नको, धरून झोपेची हलकी सुई टोचून उरकून टाकू."

"मी शब्द दिलाय तिला!" डॉक्टर कडाडले. मग पोट रिकामं होईपर्यंत तिच्याशी सागरगोटे खेळत बसले. हरले, आणि चक्क चिडलेसुद्धा.

संध्याकाळी तिने औषध घेतलं, तोंड वाकडं केलं आणि त्यांच्या मांडीवर पेंगुळली. गळ्यात हात टाकून म्हणाली, "तू आमच्या घरी राहायला ये. लय जागा हाय."

डॉक्टरांचे डोळे भरले. बायको गेल्यापासून त्यांच्या बंगल्यात दुसरं माणूस नव्हतं, हे सगळ्या वॉर्डाला ठाऊक होतं.

स्कॅन नीट झाला. ती जागी होईपर्यंत ते खाटेशी खालीच बसून राहिले. तिने डोळे उघडल्यावर मीच विचारलं, "काय गं, डॉक्टरांना घरी कधी नेतेस?"

"मी कुठं म्हनले?"

"या औषधाचा गुणच तो," डॉक्टर हसले. "घेतल्यानंतरचं काही आठवत नाही." तिची चादर सारखी करून ते माझ्याकडे वळले. "पण सिस्टर, तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं, सर."