माझं मौन आणि शबनमची पोटफुगी

श्रावणात मी रोज दुपारच्या नैवेद्यापर्यंत मौन धरते. आणि अभिमानाने सांगते, त्यामुळे आमच्या भिंगारच्या घराचं काडीचंही अडत नाही! मी तर्जनी वर केली की ह्यांना कळतं, पाण्याची मोटार लावायची. तोंड फुगवलं की कळतं, दूध उतू चाललंय. लिहून दाखवणं मात्र माझ्या नियमात बसत नाही. ते म्हणजे चोरून बोलणंच की!

अशा घरात शेजारच्या मलिकाभाभींनी आपली लाडकी कोंबडी ठेवली. त्या लेकीकडे सुप्याला निघाल्या होत्या.

"वहिनी, शबनम तुमच्या हवाली. तळहातावर वाढवलीय हो तिला!"

"निर्धास्त जा, भाभी. माझ्या घरात मुंगीलासुद्धा कुणी दुखवत नाही."

मंगळवारी सकाळी न्हाऊन खुराडं उघडलं, तर शबनम कोपऱ्यात! पिसं फुगलेली, पंख लोंबलेले, डोळे अर्धे मिटलेले. कीर्तनात पेंगणाऱ्या आजोबांसारखी! आणि गळ्याखालची पिशवी लिंबाएवढी टम्म. भाभी आजच परत येणार होत्या!

जनावरांच्या डॉक्टरांना फोन करायला हवा होता, आणि तोंड तर बंद. मी धावत ह्यांच्यासमोर गेले आणि शबनमचं दुखणं करून दाखवलं. हात लोंबवले, मान टाकली, डोळे मिटले, अंग थरथरवलं.

ह्यांचा चहा बशीतच राहिला. "अगं, चक्कर येतेय का?"

मी जोरजोरात मान हलवली. ओले केस सुटून तोंडावर आले. नेमकी त्याच वेळी समोरची दगडाबाई विरजण मागायला दारात उभी!

"अगं बया! वैनीच्या अंगात आलंय!"

"काहीतरीच काय!" हे म्हणाले, पण पायातल्या चपला मात्र काढून ठेवल्या.

दगडाबाईने देव्हाऱ्यातला करंडा आणून माझं कपाळ कुंकवाने माखलं. "आई, माझा गुडघा कवा बरा व्हायचा?"

मी कळवळून मान हलवली. मी देवी नाही गं बाई!

"न्हाई म्हनती वो! बरा हुनार न्हाई म्हनती!" आणि तिने गळा काढला.

शेवटी मी ह्यांना मनगटाला धरून खुराड्यापाशी ओढत नेलं. शबनमकडे बोट दाखवलं आणि मग पिशवी फुगलीय हे कळावं म्हणून स्वतःच्या गळ्यावरून हात फिरवला. दगडाबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"आईला कोंबडी पायजे! गळा दावती बगा!"

"श्रावणात?" हे पुटपुटले. "आणि तीही भाभींची?"

"देवीला तुमी श्रावन शिकवता व्हय? विळी आना!"

तिने शबनमला हात घातला मात्र, आणि जन्मात ज्या बाईने भाजीवाल्याशीसुद्धा आवाज चढवला नाही, ती मी अशी गरजले की पत्र्यावरचं मांजर खाली पडलं.

"खबरदार! तिच्या पिसाला धक्का लावाल तर!"

"आई बोलली!" दगडाबाई सपशेल आडवी. ह्यांनीही हात जोडले.

"अहो, आई कसली, मी आहे! डॉक्टरांना फोन लावा!"

"देवीला डॉक्टर कशाला लागतो?" ह्यांनी अदबीने विचारलं. आज पहिल्यांदाच अदबीने!

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. मलिकाभाभी! मळवट भरलेली मी, जमिनीवर दगडाबाई, हात जोडलेले हे, असं सगळं ओलांडून त्यांनी आधी शबनमला उचललं आणि तिची पिशवी चाचपली.

"वहिनी, हिला खायला काय घातलंत?"

"साबुदाणा," मी कसंबसं म्हटलं. "कोरडाच. काल सोमवार होता ना. उपासाच्या दिवशी तिला धान्य कसं घालायचं?"

"या अल्ला! पाणी पिऊन आत फुगला की तो!" भाभी हसता हसता खालीच बसल्या. मग तिच्या चोचीत कोमट पाण्याचे आणि तेलाचे थेंब सोडत त्यांनी ती पिशवी बोटांनी हलके हलके चोळली. तासाभराने शबनमने अंग झटकलं आणि ह्यांच्या अंगठ्याला टोच मारली. मला रडूच आलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात दगडाबाई. नवं लुगडं, हातात नारळ, मागे आणखी तिघी. छे, हे काही बरं नव्हे, असं मनात म्हणत मी पदर सारखा केला आणि उंबऱ्यात जरा ताठ उभी राहिले.

"वैनी, तुमी वाईच बाजूला सरा," दगडाबाई म्हणाली. "आईनं राखली ती कोंबडी कुटं हाय?"