तिसरं पाणी

यंदा फवारणीचा एक थेंबही ओढ्यात जाणार नाही, असं पळसदरीच्या दशरथने छाती ठोकून सांगितलं होतं. सांगितलं कृषी सहायक प्रिया मॅडमना, पण ऐकवायचं होतं जानकीबाईला. गेल्या साली त्याने ओढ्यात फवारणीचा पंप धुतला आणि खालच्या वाडीजवळच्या डोहात मासे उलटे तरंगले. वाडीतली जानकीबाई भांडली नाही. तिने मेलेले मासे आणून त्याच्या ओट्यावर ठेवले आणि निघून गेली. ते बिचाऱ्याला अजून सलत होतं.

आज वालाच्या पिकावरची मावा कीड मारून झाली. चार वाजता मॅडम फोटो काढायला येणार होत्या. दशरथने पंप अंगणात आणला, उरलेलं औषध बादलीत ओतलं आणि मॅडमनी शिबिरात शिकवल्याप्रमाणे पंप तीनदा धुतला. ते पाणी दुसऱ्या बादलीत. मग नरसाळं, माप, ढवळायची काठी, सगळं तीनतीनदा. टप भरला, घमेली भरली. अर्ध्या पंपाचं अंगणभर पाणी झालं, आणि ओतायचं कुठे हे काही सुचेना. शेवटी त्याची नजर पाण्याच्या हंड्यावर गेली.

"हंड्याला हात लावलात तर उद्यापासून पाणी तुमी भरायचं," बायको जना म्हणाली.

तेवढ्यात जानकीबाई खेकड्यांची टोपली घेऊन वर आली. अंगण बघून म्हणाली, "कशावर मारलंस रं?"

"वालावर."

"मंग ह्ये बी थितंच मार की."

शिबिरात मॅडमनीही हेच सांगितलं होतं. तेव्हा दशरथ चहाच्या रांगेत होता.

मग खेपा सुरू झाल्या. पंप पाठीवर गळत होता. मानेपासून टाचेपर्यंत तो भिजला. भांडी शेतातच धुतली, पंपही तिथेच. जनाने बादल्या, टप, घमेली कायमची औषधाला सोडली. सुटलो एकदाचा, म्हणत दशरथने टॉवेल खांद्यावर टाकला आणि ओढ्याची वाट धरली.

"कुठं निघालास?" जानकीबाईने विचारलं.

"आंघोळीला."

जानकीबाईने त्याच्या निथळत्या सदऱ्याकडे पाहिलं. मग जनाकडे पाहिलं. जनाने हंडा उचलला.

बरोबर चारला मॅडम आल्या, तेव्हा वालाच्या मधोमध दशरथ चड्डीवर, हात वर करून उभा होता आणि जना डोक्यावरून पाणी ओतत होती. मॅडमचा मोबाइल हातातच राहिला.

"अहो, हे काय चाललंय?"

"जरा थांबा मॅडम," जानकीबाई म्हणाली. "दोनदा धुवून झालाय. तिसरं पाणी ऱ्हायलंय."